सावलीतून उठवलेली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दुकानाच्या एसीचं बाहेरचं मशीन खाली, पायरीच्या बाजूला बसवलं, ते गच्चीवर जागा नव्हती म्हणून नाही. एका म्हातारीला सावलीतून उठवायचं होतं म्हणून.

आमच्या बाजाराची गल्ली अरुंद, आणि दोन्ही बाजूंनी आता तीन-तीन मजले चढलेत. सकाळी सावली समोरच्या ओळीला असते, दुपारनंतर माझ्या कापडदुकानापुढे. रस्त्यावर बसून विकणारे त्या सावलीबरोबर जागा बदलतात. ऊन डोक्यावरून कललं की समोरची पथारी उचलायची आणि इकडे आणायची. कुणी कुणाला विचारत नाही. शिंदीच्या पानांचे झाडू बांधून विकणारी ही म्हातारी तशीच रोज माझ्या पायरीशी यायची. वडिलांच्या वेळी दुकान एकमजली होतं, सावलीही तेवढीच. मी वर मजले चढवले तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊ, तुमच्या माडीनं माही दुपार थंडी केली."

मग लग्नसराईसाठी काचेचा दरवाजा केला, एसी घेतला. काचेतून बाहेर पाहिलं की आधी तिचे झाडू दिसायचे. ऊठ म्हणायची हिंमत नव्हती, गल्लीत नाव खराब झालं असतं. मशीन बसवणारा म्हणाला, "शेठ, गच्चीवर टाकू. खाली लावलं त इथं कोनी उभं नाई राहू शकत."

"खालीच लाव," मी म्हणालो.

पहिल्याच दुपारी त्या गरम झोतानं तिची भिजवलेली पानं तासाभरात कडक झाली. ती थोडी सरकली, पुन्हा सरकली. मी काचेमागून बघत होतो. शेवटी तिनं पथारी गुंडाळली, तेव्हा मी बाहेर आलो.

"काय करू मावशी, वर जागाच नाई."

"असू द्या भाऊ. तुमची बी मजबुरी हाय. मशीन का डोक्यावर घेऊन बसान?"

शेजारचा चहावाला खदखदून हसला. मीही हसलो.

आमच्या ओळीतल्या बाकीच्या पायऱ्या आधीच भरलेल्या, म्हणून ती समोर गेली, भर उन्हात. डोक्यावर ओलं पोतं घेऊन बसायची. नवतप्यातल्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांतल्या, एका दुपारी चहावाला ओरडला, "शेठ, बुढी पडली!" आम्ही दोघांनी उचलून तिला माझ्याच दुकानात आणलं, गादीवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि गादीच्या पांढऱ्या चादरीकडे पाहिलं.

"चादर खराब झाली नं भाऊ तुमची."

ती वाचली. पण डॉक्टरनं उन्हात जायला मनाई केली. हात थरथरतात, झाडू बांधणं होत नाही. आता झाडू सून बांधते आणि सकाळच्या सावलीत जेवढे खपतील तेवढे विकून तिच्याकडे घरी जाते.

आठवड्याभरात मी मशीन गच्चीवर चढवलं. जागा होतीच. शेठनं बुढीसाठी मशीन हलवलं, असा गल्लीत बोलबाला झाला. चहावाला आजही नव्या गिऱ्हाइकाला ते सांगतो. मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

दिवाळीला तिनं सुनेच्या हाती लक्ष्मीपूजनासाठी झाडू पाठवला. सून म्हणाली, "मायनं पैसे नोको घेऊ म्हटलं. तुमीच उचललं होतं नं तिले." मी त्या झाडूला हळदकुंकू वाहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच मला लाज वाटते.

तिचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. दोनदा निघालो, दोन्ही वेळा वाटेतल्या बसस्टँडवरून परत आलो. काय सांगायचं हे पाठ आहे: मावशी, गच्चीवर जागा होती. तुले उठवासाठीच मी मशीन खाली लावलं. हे तिच्यासमोर बसून, तिच्या सुनेच्या देखत सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.