उजवा कौल

भूत, देवचार, कौल... यातलं मी कधीच काही मानलं नाही. कसालजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर माझीच टर उडेल, म्हणून इथे लिहितोय.

२००६ सालची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मेंदूचा कॅन्सर झाला — झपाट्याने वाढणारा. ऑपरेशननंतर गाठ परत आली आणि त्याची वाचाच गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सांगितलं. औषध मोजक्याच लोकांना दिलेलं, खात्री कसलीच नाही. शेजारच्या खाटेवरचे शिंदेकाका, साताऱ्याकडचे, आजार तोच, लगेच तयार झाले. आई मात्र म्हणाली, आधी देवाला विचारूया.

मी चिडलो, पण आईपुढे आमचं कोणाचं चालत नाही. दादाला घेऊन गावी आलो. भर दुपारी देवळात गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादाचं नाव घेऊन त्याने गाऱ्हाणं घातलं... ते संपायच्या आतच उजवी पडली.

आणि खांबाला टेकून बसलेला दादा स्वच्छ बोलला, "ह्यो कौल माझो न्हय. शिंदेकाकांचो आसा."

कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आईने आपल्या लेकाला मिठीच मारली. "माझो झील बोललो," एवढंच ती म्हणत राहिली. आम्हीही रडलो. तो बोलला याच्याच आनंदात सगळे. काय बोलला, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गुरवाने मात्र विचारलं, कौल परत लावू का? आई नको म्हणाली. उजवा मिळाला होता ना!

दादा त्यानंतर कधीच बोलला नाही.

दोघांनाही तेच औषध दिलं. दादा मेंदूला सूज येऊन गेला. शिंदेकाकांची गाठ विरत गेली. असं का, म्हणून डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "खरं सांगू? आम्हालाही कळत नाही."

पुढच्या वर्षी शिंदेकाका आम्हाला भेटायला आले. चांगले धडधाकट. आईने त्यांच्यासाठी सुरमई तळली. मला त्या माणसाचं जेवणं बघवत नव्हतं, खोटं कशाला बोलू? जेवता जेवता ते म्हणाले, "औषध सुरू व्हायच्या आधीच माझी डोकेदुखी थांबली होती. तुम्ही गावी गेला होतात ना, तेव्हा एका दुपारी. तुमचा थोरला मुलगा माझ्या उशाशी बसला होता."

मी आईकडे बघितलं. त्या दुपारी दादा तर आमच्याबरोबर देवळात होता...

आईने त्यांना आणखी भात वाढला.