निळ्या मेपलचा ब्रश

लाकडाच्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. मेपल या परदेशी झाडाच्या, लाटांसारख्या रेषा असलेल्या लाकडाचे छोटे ठोकळे ती भट्टीत खडखडीत वाळवायची, रंगीत रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या द्रवात, बुडवायची आणि पंपाने त्यांच्यातली हवा ओढून घ्यायची. बुडबुडे थांबले की पंप बंद. मग रंग गाभ्यापर्यंत मुरायचा. पुन्हा भट्टीत भाजला की ठोकळा दगडासारखा टणक व्हायचा. वस्तू मात्र दुसरेच कुणीतरी घडवायचे.

तिचा नवरा न्हावी. त्याच्या दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ पाण्याने तडकली, तेव्हा वहिनीने मालकाकडून एक निळा ठोकळा मागून घेतला आणि लेथवर स्वतःच नवी मूठ कातली. घासून चकाकी आणली, तशा निळ्या लाटा उजेडात हलायला लागल्या.

"दिसायला झकास आहे गं," नवरा म्हणाला, "पण पाण्यात टिकायची नाही."

तिने मूठ पाण्याच्या पेल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी काढून पुसली, तर ना फुगली होती, ना रंग सुटला होता. नवऱ्याने लगेच मुठीत ब्रशचे केस बसवले.

पुढे एकदा ती नवऱ्याच्या दुकानात डोकावली, तर खुर्चीतल्या गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस फासून स्वारी हातातला ब्रश नाचवत होती.

"माझ्या बायकोने केलाय! रंग वरवरचा नाही, आरपार आहे. कापून बघा, आतही निळाच!"

फेसामुळे त्या बिचाऱ्याला 'हो' म्हणायचीही सोय नव्हती.

"अहो, फेस वाळतोय त्यांचा," वहिनी हसून म्हणाली. पण निघाली मात्र नाही. पुढचं गिऱ्हाईक बसेपर्यंत दाराशी थांबून तिने ते सगळं कौतुक पुन्हा पहिल्यापासून ऐकलं, ताठ मानेने.