खाली आलेली रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिला वाटतं, मी सरळ माणूस आहे.

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या एका कॉलेजात मी शिकवायचो आणि प्रयोगशाळेतले ससेही सांभाळायचो. नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवायच्या, साधा नियम. दिवाळीच्या सुट्टीत दोन-दोन पिंजरे धुवायचा मला कंटाळा आला. सगळे एकातच कोंबले. कोण बघतंय?

सुट्टी संपताच प्रात्यक्षिक परीक्षा. सशाच्या गर्भाशयाची पट्टी कोमट द्रावणात टांगायची आणि तिच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका द्यायचा. पट्टी आकसते, तिला जोडलेल्या काट्याने काजळी धरलेल्या कागदावर रेघ वर जाते. पण मादी गाभण असेल तर — तोच मज्जातंतू, तोच झटका — पट्टी सैल पडते. रेघ खाली येते. हे मुलांना मीच शिकवलं होतं, मोठ्या रुबाबात.

चोपड्याहून शिकायला आलेल्या सुनंदाची रेघ खाली आली.

मी ती पाहिली. इतकी स्वच्छ रेघ मला स्वतःला कधी जमली नव्हती. बाहेरचे परीक्षक पलीकडच्या टेबलाशी होते. आता ते विचारणार, सशांकडे कोण बघतं? वॉर्निशमध्ये बुडवेपर्यंत काजळी कच्ची असते. कागद उतरवून देतो म्हणत मी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. चुकून? — नाही, मुद्दाम.

"रेघ खाली आली होती, सर," ती परीक्षकांना म्हणाली. "मादी गाभण असेल."

"गाभण कशी असेल?" मी म्हणालो. "पिंजरे वेगळे आहेत."

परीक्षक हसले. मीही हसलो.

तिचे वडील बाहेर थांबले होते, केळीच्या चिकाचे डाग पडलेल्या सदऱ्यात. तिने त्यांना सगळं सांगितलं असावं. "भाऊ, मनी पोर खोटं नही बोलस," एवढंच ते मला म्हणाले. मी त्यांना चहा पाजला. कप पुढे करताना नखात काजळी दिसली, तसा अंगठा मुठीत घेतला.

महिन्याच्या आत उरलेल्या माद्या व्याल्या. पिल्लं मी गुपचूप वाटून टाकली. निकाल लागायला तेव्हा आठ दिवस होते — तोंड उघडायला पुरेसे. मी उघडलं नाही.

सुनंदा नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही.

रेघ खाली आली होती. मी पाहिली होती.