हर्शेल तळघरात काही उतरत नाही

ईस्टरचा रविवार होता, ओव्हनमध्ये हॅम होतं आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याने सकाळीच कोट काढून बाह्या दुमडल्या होत्या. ओक्लाहोमात त्या माणसाच्या अंगावर कोट असेपर्यंत लोक निवांत जेवतात. बाह्या दुमडल्या की टोर्नेडो आलाच समजा, आणि ओलेटा प्रुइट कामाला लागते.

चर्चला घातलेली नवी टोपी काढायलाही तिला सवड मिळाली नाही. अंगणातल्या तळघरात बॅटऱ्या गेल्या, रेडिओ गेला, पाणी गेलं, नवऱ्यासाठी गादीची खुर्ची गेली. ती खुर्ची दर वादळाला खाली जायची आणि कुणी न बसताच वर यायची.

कारण हर्शेल. आमच्याकडे सायरन वाजला की बायका तळघराकडे पळतात आणि पुरुष ओसरीवर जातात, ढग बघायला. काय मेलं दिसतं तिथे, त्यांनाच ठाऊक. पण बाकीचे घटकाभर बघून मुकाट्याने खाली येतात. हर्शेल हल्ली येतच नव्हता. गेल्या वसंतात पलीकडच्या शेतातलं अख्खं गुदाम उडालं, तेव्हाही हा ओसरीवर खांबाला टेकून उभा. ओलेटा ती दुपार विसरली नव्हती. आज त्याला खाली नेल्याशिवाय ती राहणार नव्हती.

"आज तू खाली येतोयस," तिने बजावलं.

"बघू."

"बघू नाही. तुझ्या मयताला आलेल्यांची जेवणं रांधायला मला वेळ नाहीये."

"हॅम आहेच की," हर्शेल म्हणाला.

दुपारी सायरन वाजला. गल्लीत तळघर एकच, त्यामुळे सगळी गल्ली आली, आणि सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने कोण येतंय? शेजारची लव्हॉन भरलेली अंडी घेऊन आली. तिची जाऊ भरलेली अंडी घेऊन आली. पाद्रीबाईंनीही भरलेली अंडीच आणली. पाव आणायचं एकीलाही सुचलं नव्हतं. कुणाच्या अंड्यांत मोहरी जास्त झालीय यावर खाली चांगलीच जुंपली.

ओलेटा वर आली. आभाळ हिरवट पडलं होतं आणि वारा एकदम थांबला होता. हर्शेल ओसरीवरच होता.

"उत्तरेला सरकतंय ते," तो म्हणाला.

"इकडेच येतंय. मलाही डोळे आहेत."

तिने त्याचं कोपर धरलं आणि ओढत त्याला तळघराच्या दारापर्यंत आणलं. तिथे तो थांबला. खाली जाणाऱ्या उभ्या पायऱ्यांकडे त्याने पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"गुडघे वाकत नाहीत गं. दोन-तीन वर्षं झाली. मला नाही उतरता येत."

ओलेटा त्याच्याकडे बघतच राहिली. आता त्याला उचलून न्यायलाही वेळ नव्हता. रस्त्यापलीकडची झाडं वाकायला लागली होती.

"ओलेटाबाई, दार लावायचं का?" खालून लव्हॉन ओरडली.

"लाव बाई," ओलेटा म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन घरात वळली.

घराच्या मधोमध न्हाणीघर, त्यात टब. तिने हर्शेलला आधी टबात लोटलं, वरून पाहुण्यांच्या खोलीतली गादी ओढली आणि टोपीसकट आत शिरली. बाहेर काहीतरी कडाडलं, छपरावर धडाधड आदळायला लागलं.

"तुझं कोपर माझ्या बरगडीत जातंय," हर्शेल म्हणाला.

"जाऊ दे."

बराच वेळ घर हादरत राहिलं. मग आवाज दूर गेला. छप्पर जागेवर होतं. कोंबड्यांचं खुराडं मात्र कोंबड्यांसकट रस्त्यापलीकडे जाऊन बसलं होतं, पण ते त्यांना नंतर कळलं.

आता ओलेटाचा राग उफाळला. "इतकी वर्षं मी तुला हेकट म्हणून शिव्या घातल्या. गल्लीभर सांगत फिरले, याचं डोकं फिरलंय म्हणून. गुडघे दुखतात एवढं बोलायला काय झालं होतं रे तुला?"

हर्शेलने तिची चेपलेली टोपी सरळ केली.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर तू तळघरात गेली असतीस का?"

ओलेटा गादीखाली त्याला चिकटून पडून राहिली आणि हमसून हमसून रडली.