भासऱ्याचा कॅमेरा

चंद्रपूरच्या कॉलेजात पत्रकारिता शिकता शिकता दामिनीला कॅमेऱ्याची पिशवी उचलून उचलून तोंडपाठ झाली होती. कॅमेरा मात्र कायम पोरांच्या खांद्यावर. वर्गात मुली जास्त, हजेरी त्यांचीच, पेपरात पहिल्याही त्याच, पण बाहेर शूटिंगला निघालं की सर म्हणायचे, "मुलींचा हात हलतो. तुम्ही आवाजाचं बघा." पाहुणे आले की रांगोळी मात्र त्याच हलत्या हातांनी काढायची!

दामिनीला कॅमेराच चालवायचा होता, आणि शेवटच्या प्रात्यक्षिकात कॅमेऱ्याचे गुण ज्यानं तो चालवला त्यालाच मिळणार होते. तिच्या गटातल्या आदेशनं तो आधीच बळकावला होता.

फिल्मचा विषय होता, तळ्यातले झिंगे वाळवून विकणाऱ्या बाया. मूल तालुक्यातल्या एका गावात गोकुळा नावाची नवी सून बोलायला तयार झाली. 'आधी ओळख काढावी' हा सरांचा धडा आदेशला नेमका तिथं आठवला. त्यानं गोकुळाच्या सासूला, गुणाबाईला, बापाचं नाव सांगितलं.

"लटारूचा पोरगा का तू? अरे, मंग तू आमच्या इस्तारीचा चुलतभाऊच! अन् त्याच्याहून मोठा."

आदेश फुलला. पण करायला गेला एक अन् झालं भलतंच. इस्तारी म्हणजे गोकुळाचा नवरा, आणि नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यापुढं सुनेनं तोंड दाखवायचं नसतं. गोकुळानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि कॅमेऱ्याकडं पाठ केली.

"काकू, मी आत्ता भासरा नाई, कॅमेरामन हाओ!"

"थे तुह्या कॉलेजात. इथी भासराच. जाय त्या मोहाच्या झाडामांगं!"

नाइलाजानं कॅमेरा दामिनीच्या हातात आला. किती दिवस वाट पाहिली होती तिनं! झाडामागून आदेश ओरडत राहिला, "लाल बटन दाबलं का? हात हलवू नको!" हात नाही हलला. हसू दाबताना पोट तेवढं हललं. पदर मागं सारून गोकुळा मनमोकळं बोलली.

कॉलेजात परतल्यावर आदेशनं चित्रं जुळवली आणि शेवटी ऐटीत नाव टाकलं, 'कॅमेरा: आदेश'. आवाज जुळवायचं काम रिवाजाप्रमाणे दामिनीकडं. तिनं गोकुळाचा एक शब्दही कापला नाही.

सरांसमोर फिल्म लागली. शेवटी पडद्यावर आदेशचं नाव झळकलं, आणि त्याच वेळी गोकुळाचा आवाज घुमला, "दामिनी, कवाची कॅमेरा धरून उभी हायेस, हात नाई दुखत का वं? अन् भासरे अजून झाडामांगंच हायेत का?"

वर्ग हसून हसून लोळला.

"हे भासरे कोण?" सरांनी विचारलं.

आदेशनं उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा हनुवटीपर्यंत ओढला आणि सरांकडं पाठ केली.