चार ठोकळे, दोन ढेपा

रविवार, ४ फेब्रुवारी १९७९. सांगलीच्या बाजारात आमच्या गुळाच्या अडतीशेजारच्या गोदामात हवालदार शिदूनाना खिलारे यांची शोकसभा झाली. हजर माणसं तेवीस, मी मोजली. अकरा ड्रायव्हर, सात व्यापारी, तीन हमाल, नानांचा आटपाडीकडून आलेला धाकटा भाऊ आणि मी. नानांच्या पत्नीला मदत म्हणून एकशे एक रुपये जाहीर झाले. अध्यक्षस्थानी आमच्या बाजारातले एक ज्येष्ठ व्यापारी होते. ते म्हणाले, "आमचे हवालदार जन्मभर सगळ्यांना सांगत आले, सांभाळून, सांभाळून... आणि शेवटी स्वतःचाच पाय गाडीखाली देऊन बसले! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा." लोक हसले. शोकसभेत लोक हसले. नानांचा भाऊसुद्धा, इतर हसताहेत म्हणून, कसनुसा हसला. मग श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतं ते सव्वा मिनिटात आटोपलं, कारण चहा आला.

या गोष्टीला तीन आठवडे झाले आणि माझा संताप उतरलेला नाही. त्या गोदामात एक माणूस असा होता, ज्याला ते वाक्य धडधडीत खोटं आहे हे पक्कं माहीत होतं. नानांचा पाय कुणाच्या चुकीने गेला, कुठे गेला, किती वाजता गेला, सगळं त्याला माहीत होतं. तो माणूस उठून उभा राहिला नाही. त्याने चहा घेतला. तो माणूस मी. म्हणून आता लिहितो आहे.

शिदूनाना आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातले. वडील मेंढरं राखायचे. नाना मात्र सतराव्या वर्षी पलटणीत गेले, गाड्यांवर लागले, आणि हवालदार होऊन परतल्यावर सांगलीत आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. लोकांच्या गाड्या चालवायचे, दुरुस्त करायचे. सायकलच्या मागे एक गोणपाटाची पिशवी बांधलेली असे आणि तीत बाभळीच्या लाकडाचे चार ठोकळे. आठ इंच लांब, आठ इंच रुंद, दहा इंच उंच. एकेकाचं वजन एवढं की सायकल चढाला हातात धरून न्यावी लागे. ड्रायव्हर मंडळी नानांना तोंडावर "ठोकळे मास्तर" म्हणत. "मास्तर, आज शाळा कुठं भरली?" असं कुणी ओरडलं की नाना सायकलवरूनच म्हणायचे, "तुज्या तिरडीखाली लावाय चाललोय गड्या, वाकडी नगं जायला!" आणि तोही हसायचा, हेही हसायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या गाडीमुळे. सत्तर साली मी साताऱ्याच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून जुनी विलायती बनावटीची काळी गाडी घेतली. आईचे गुडघे तेव्हा धरले होते. तिला गाडीची पायरी चढवत नसे. मी लोहाराकडून मागच्या दोन्ही स्प्रिंग-कमानींतले दोन-दोन पोलादी पाटे काढून घेतले. गाडी मागून अडीच इंच खाली बसली, आई कुणाचा हात न धरता आत बसू लागली आणि मी स्वतःवर खूष झालो. पुढच्याच महिन्यात दारात मागचं चाक पंक्चर झालं, तेव्हा कळलं की जॅक आता गाडीखाली जातच नाही. जॅक पूर्ण मिटवला तरी पावणेसात इंच उंच, आणि गाडीखाली उरलेली जागा साडेपाच. मी तासभर जॅक तिरका घाल, आडवा घाल, खालची माती उकर असे उद्योग केले. नाना रस्त्याने चालले होते. सायकल भिंतीला लावून ते फाटकाशी उभे राहिले आणि माझं उकरणं पाहत राहिले.

"आवं अण्णा," शेवटी म्हणाले, "उकिर उकिर काय उकरताय? घूस हाय काय तुमी?"

मग त्यांनी मला ती रीत शिकवली. मी ती त्याच दिवशी लिहून ठेवली होती, म्हणून सांगू शकतो. जमीन सपाट आणि कडक हवी. दीड इंच जाडीच्या दोन फळ्या मागच्या चाकांलगत ठेवायच्या आणि गाडी हळू त्यांच्यावर चढवायची. साडेपाच अधिक दीड, सात. जॅक पाव इंच राखून आत जातो. गाडी गिअरमध्ये, हातब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. जॅक आसाखाली, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, पत्र्याखाली कधीच नाही. गाडी उचलली की आसाच्या दोन्ही टोकांखाली ठोकळे, आणि गाडी ठोकळ्यांवर उतरवून ठेवायची. फळ्या चाकांखालून काढायच्या नाहीत, जॅकही तिथेच राहू द्यायचा. आणि एवढं झाल्यावरही लगेच खाली शिरायचं नाही. आधी गाडीला बाहेरून खांदा लावून चांगलं गदगदा हलवायचं.

"पडायची आसंल तर तुमी भाईर हाय तवर पडू द्या तिला," नाना म्हणाले. "आन् मदी उठून गेलासा, च्या पिऊन आलासा, की फिरून हलवायचं. तेवढ्यात तिचं मन बदलत आसतंय."

खंडेनवमीला गल्लीतले सगळे ड्रायव्हर जॅक, पाने, पकडी धुऊन पुसून पाटावर मांडत आणि हळदकुंकू वाहत. नाना पहिलं फूल ठोकळ्यांना वाहायचे. एकदा मी म्हटलं, नाना, हे काही हत्यार नव्हे, लाकूड आहे. ते म्हणाले, "उचलनाऱ्याची पूजा सगळीच करत्यात अण्णा. धरून ऱ्हानाऱ्याची कोन करतंय?" आणि जाता जाता पुन्हा सांगितलं, "तुमचं सोताचं चार ठोकळं करून घ्या. म्या काय जल्माला पुरतोय?" असं त्यांनी मला एकूण तीन वेळा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं. ठोकळे करून घेतले नाहीत. माणूस शेजारीच आहे, बोलावलं की पिशवी घेऊन येतो, मग उगाच लाकूड कशाला... असा माझा हिशोब होता.

चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन साताऱ्याला जायचं होतं आणि गाडीचा सायलेंसर खडखडत होता. मी सकाळी नानांकडे गेलो. ते गावाकडे गेले होते, पिशवीसकट. मी परत आलो आणि म्हटलं, रीत तर मला पाठ आहे. फळ्या लावल्या, दगड लावले, जॅक आसाखाली. गाडी उचलली. आता ठोकळे. पडवीत नमुन्याला आणलेल्या गुळाच्या ढेपा होत्या, गोणपाटात बांधलेल्या. मी स्वतः त्या टाचणीने तपासल्या होत्या. टाचणी वाकली पण आत शिरली नाही. उंची दहा इंच, नेमकी. वीस वर्षं गूळ विकणाऱ्या माणसाने दोन ढेपा उचलल्या आणि आसाच्या दोन टोकांखाली ठेवल्या. गाडी त्यांच्यावर उतरवली. बाहेरून खांदा लावून हलवली. डोंगरासारखी उभी. जॅक हाताला आडवा येत होता, तो काढून घेतला. पाठ मळू नये म्हणून चाकांखालच्या फळ्याही काढल्या आणि पाठीखाली अंथरल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते, त्या बाजूला भिंतीची सावली होती.

साडेबाराला मी जेवायला उठलो. अडीचला परत आलो. तोवर सावली सरकून मागच्या बाजूला लख्ख ऊन आलं होतं, हे मी पाहिलं. पण त्याचा गुळाशी काही संबंध असेल हे मनात आलं नाही. गुळाच्या व्यापाऱ्याच्या मनात आलं नाही! आणि गाडी फिरून हलवून पाहिली नाही. थेट आत शिरलो.

नाना दुपारच्या गाडीने परतले होते. घरी कळलं की अण्णा सकाळी विचारायला आले होते, म्हणून पिशवी न सोडता तशीच घेऊन आले. फाटकातून त्यांना दिसलं ते असं : गाडीचा मागचा भाग एका अंगाला कललेला, गोणपाटातून तांबडा पाक गळतोय, त्यावर मुंग्या, आणि बाहेर माझे दोन पाय. त्यांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर मी मान वर करून काय झालं विचारलं असतं. त्यांनी पिशवी टाकली, डावा पाय मागच्या चाकाशी रोवला, माझे दोन्ही पाय धरले आणि फळ्यांसकट मला ओढून काढलं. मी बाहेर आलो आणि गाडी बसली. मागचं चाक त्यांच्या पायावर आलं.

नंतर एकदा मी जमिनीवर आडवा होऊन मोजून घेतलं. माझी छाती जमिनीपासून आठ इंच, फळी दीड, एकूण साडेनऊ. गाडी बसल्यावर खाली उरलेली जागा साडेपाच.

त्यांच्या पायाची तीन हाडं मोडली आणि नीट जुळली नाहीत. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. मी कोणती गोष्ट बोललो असेन? मी म्हणालो, "नाना, तेवढं गुळाचं कुणाला सांगू नका. बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." माणूस वेदनेने घामाघूम झालेला, आणि मी त्याच्याकडे माझ्या अब्रूची भीक मागत होतो. नाना हसले. "सांगत न्हाई. न्हाईतर तुमच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं आन् इचारायचं, अण्णा, ह्यो गूळ खायाचा का गाडीखाली लावायचा?" मी काय देऊ म्हटलं, तर म्हणाले, "मला काय बी नगं. पयलं चार ठोकळं करून घ्या. बाभळीचं."

त्यांनी शब्द पाळला. कुणी विचारलं की म्हणायचे, "चुकलं गड्या, माजंच चुकलं." मग बाजाराने उरलेलं स्वतः भरलं. कुणी म्हणालं, हवालदार प्यालेला होता. जो माणूस चहासुद्धा दिवसातून एकदाच घ्यायचा, तो! जे ड्रायव्हर विटांवर गाड्या ठेवून खाली झोपा काढत, तेच सांगू लागले की बघा, ठोकळ्यांचा काय उपयोग झाला. मी ते दुकानात बसून ऐकत असे आणि वजनं लिहीत असे.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर साताऱ्याला ड्रायव्हरांना शिकवण्याची एक जागा निघाली. पलटणीतून आलेला अनुभवी माणूस हवा होता. नानांची निवड जवळपास झालीच होती. राहायला खोली, महिन्याला ठरलेला पगार, आणि दिवसभर पोरांना जे सांगायची त्यांना हौस तेच सांगायचं काम. आमच्या बाजारातून कुणीतरी तिथल्या साहेबाच्या कानावर पायाची गोष्ट घातली. नाना मुलाखतीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सायब म्हनला, ज्याला सोताचा पाय संबाळता आला न्हाई, त्यो दुसऱ्याला काय शिकवनार? आन् त्येचं काय चुकलं अण्णा? म्या बी त्येच म्हनलो असतो." मग माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळच. त्या पाहण्यात मागणं नव्हतं, पण जागा होती... मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली असती तर दुपारपर्यंत साताऱ्याला पोचलो असतो, पाच मिनिटांत सगळं सांगून झालं असतं. मी गेलो नाही. सौद्याचा दिवस होता. आणि सौद्याचा दिवस रोजच असतो.

पुढची चार वर्षं नाना लंगडत लोकांच्या गाड्यांची कामं करत राहिले. जानेवारीत एका सकाळी अंघोळीला पाणी काढताना छातीत कळ आली आणि गेले. वय अठ्ठावन्न.

गेल्या गुरुवारी हा लेख लिहून मी हौसावहिनींकडे, नानांच्या पत्नीकडे, गेलो. छापायच्या आधी त्यांना ऐकवणं भाग होतं. त्या जोंधळे निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "वाचा." मी वाचत गेलो. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'त्या दिवशी गाडीला काहीतरी तात्पुरता आधार दिला होता.' तिथे हात थांबला.

"काईतरी म्हंजी?"

"म्हणजे... आधार, वहिनी."

"कशाचा?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"गूळ लिवा की. का आजून बी बाजाराला भितासा?" सूप खाली ठेवून त्या सरळ बसल्या. "पाच वरसं ह्या घरात गुळाचं नाव काडलं न्हाई आमी. मी भांडायची, तर धनी म्हनायचं, गप, अण्णाचं दुकान बुडंल. आवं, दुकान बुडू ने म्हनून माजा मानूस बुडवलासा की तुमी! आन् आता लिवाय बसलासा तर त्यात बी काईतरी?"

मी त्यांच्यासमोर ते वाक्य खोडलं आणि ढेपा लिहिल्या. दोन, हेही लिहिलं. त्यांनी पुन्हा सूप उचललं. जाहीर झालेले एकशे एक रुपये कुणी आणून दिले का, असं मी उठताना विचारलं. "आनलं हुतं," त्या म्हणाल्या. "माघारी दिलं. हसून दिल्यालं पैसं कशाला ठिवायचं?"

अपघातानंतर मी करून घेतलेले चार ठोकळे माझ्या पडवीत आहेत, ढेपा ठेवायचो त्याच जागी. नाना प्लास्टर घातलेल्या पायानेच ते पाहायला आले होते. एकेक उलटासुलटा करून पाहिला, एकाला चीर आहे म्हणून सुताराला परत पाठवला, आणि चारही मनासारखे झाल्यावर तापलेल्या सळईने त्यांवर आकडे डागले : १, २, ३, ४. "एक हरवला की कळाय पायजे," म्हणाले. परवा मी गाडी उचलून त्यांच्यावर ठेवली. हलवली. आत जाऊन चहा घेतला, बाहेर येऊन फिरून हलवली. ठोकळे करणाऱ्या सुताराची पावती मी जपून ठेवली आहे. मी सगळ्याच पावत्या जपून ठेवतो. चार नग, दर तीन रुपये. शिदूनानांच्या पायापोटी, नोकरीपोटी आणि नावापोटी मी आजवर दिलेली एकूण रक्कम बारा रुपये, आणि तीही सुताराला.