तिऱ्हाइताचा सल्ला

कंपन्यांमधले लोक त्याला पाठीमागे ‘तिऱ्हाईत’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. धंदाच तसा होता. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा गुंता इतका वाढला की त्याचं डोकं कुठे नि शेपूट कुठे हे आतल्या कुणालाच कळेना, की याला बोलावणं जायचं. हा यायचा, खोदून खोदून प्रश्न विचारायचा आणि जे असेल ते तोंडावर सांगून चालता व्हायचा. याला काही विकायचं नसायचं, त्यामुळे कुणाची भीडही नसायची.

नियम मात्र एक होता. कुठला भाग कुणी लिहिला हे त्याला सांगायचं नाही. “नाव कळलं की नजर मऊ होते,” तो म्हणायचा. या नियमाचा त्याला भारी अभिमान.

तर एका औषधं पुरवणाऱ्या कंपनीने त्याला बोलावलं. माल कमी पडला की कुठल्या दुकानाला किती द्यायचा, हे ठरवणारा एक जुना भाग त्यांच्याकडे होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तो अडला की ते बाहेरच्या एका बाईंना फोन करत, आणि बाई येऊन तो सोडवून देत.

“साहेब, त्या बाई म्हणजे काय सांगू! त्यांनीच तर तुमचं…” मॅनेजर कौतुकाने सांगू लागला.

“बाईंचं काही नको,” तिऱ्हाइताने हात वर केला. “फक्त काम दाखवा.”

आता वाचकापासून लपवण्यात काय हशील? त्या बाई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण.

आई गेल्यावर याला वाढवलं ते तिनेच. नोकरीच्या ठिकाणी याला शेजारच्या खुर्चीत बसवून कॉम्प्युटर शिकवला तोही तिने. “आधी विचार, मग हात लाव,” हे तिचं पालुपद. याच्या सगळ्या हुशारीचं मूळ तेच, पण हुशार माणसं मुळाकडे कशाला बघतात! तिची कंपनी दोनदा विकली गेली, पाट्या बदलल्या, ती निवृत्त झाली. भावोजी गेल्यावर तिला घर खायला उठायचं, तेव्हा उरला तो त्या जुन्या कामाचा फोन. जेवताना वाजला तरी ती हात धुऊन उठायची. “आलेच रे, त्यांचं अडलंय.” परत यायची ती दहा वर्षांनी लहान होऊन.

“ताई, तुझ्या त्या कंपनीला कुणीतरी शहाणा सल्लागार गाठून दे,” हा हसून म्हणायचा. कुठली कंपनी, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस, पण घरी प्रश्न म्हणून सुचला नाही त्याला.

तिने सल्लागार गाठून दिला.

त्याने तो जुना भाग वाचला. एकदा वाचून झाल्यावर, गरज नसताना, पुन्हा वाचला. मग अहवालात लिहिलं, की औषधांसारखी गोष्ट एका माणसाच्या फोनवर टांगून ठेवू नका. उद्या ती व्यक्ती आजारी पडली तर रोग्यांनी काय करायचं? हा भाग बदला, तिचं येणं थांबवा. आणि शेवटी एक वाक्य: ‘ही व्यक्ती तुम्हाला मदत करते असं तुम्हाला वाटतं, पण तिच्यामुळेच तुम्ही शिकला नाहीत.’ सल्ला सोळा आणे खरा होता. तीच तर पंचाईत.

काही महिन्यांनी काम कसं झालं ते पाहायला तो पुन्हा गेला. मीटिंगच्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून ताई बसली होती, आणि भोवतालची माणसं तिचं बोलणं उतरवून घेत होती. तो दारातच थबकला. तोंडून ‘ताई’ निघणार, तोच ती उठून उभी राहिली.

“नमस्कार, साहेब. तुमचा अहवाल वाचला. बरोबर आहे.”

धाकट्या भावाला तिने साहेब म्हटलं.

“मग साहेब, नवा भाग चालू झालाय,” मॅनेजरने विचारलं. “आता बाईंना त्रास द्यायचा नाही ना? फोन बंद करायचा?”

ताई त्याच्याकडेच बघत होती. नाही म्हण, असं त्या नजरेत कुठेच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

“हो,” तो म्हणाला. “बंद करा.”

जिन्यात त्याने तिला गाठलं. “ताई, एका शब्दाने सांगायचं नाहीस?”

“त्यांनी सरळ बोलणारा माणूस विचारला, मी तुझं नाव दिलं. नातं नाही सांगितलं. तुझा नियम ना!” ती कठडा धरून उभी राहिली. “आणि खरं सांगू छोट्या, मलाही हवं होतं ते. म्हटलं, एकदा हा माझं काम बघेल. कुणाचं ते न कळता बघेल, म्हणजे खरं काय ते बोलेल.”

तो एक पायरी उतरून तिच्या शेजारी आला.

“ते शेवटचं वाक्य लागलं रे. पण ते जाऊ दे. काम कसं होतं, ते कुठेच लिहिलं नाहीस.”

“सुंदर होतं, ताई! दोनदा वाचलं मी. इतकं नेटकं काम मी कुठेच पाहिलं नाही. अहवालात कौतुक लिहीत नाही मी, म्हणून… शपथ घेऊन सांगतो.”

ताई हसली. लहानपणी तो खोटं बोलला की हसायची, तशी. तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

“आता तुला नाव कळलंय, बाळा.”

ती हळूहळू जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर थांबून तिने पर्समधून फोन काढला, आवाज चालू आहे ना ते सवयीने पाहिलं, आणि पुन्हा आत ठेवून दिला.